सोयाबीनच्या प्रदेशातील बालकाचे ताट

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आहार आणि पर्यावरण या विषयावर लिहिण्यास सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की हा प्रांत कृषितज्ज्ञांचा, फार तर अर्थशास्त्रज्ञांचा. आम्ही एम.डी.चा अभ्यास करीत होतो त्या काळी आहारशास्त्र म्हणजे उष्मांक, प्रथिने व जीवनसत्त्वे यांचे तक्ते आणि क्वाशिओरकॉर व मरॅस्मस या दोन व्याधींची पाठ केलेली लक्षणे. ते अन्न कोणत्या शेतातून येते, कोणाच्या पाण्यावर पिकते, त्याचा भाव कोण ठरवितो, हे परीक्षेत कोणी विचारीत नसे आणि पुढे रुग्णाच्या कागदावरही लिहावे लागत नसे. गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या वैद्यकीय नियतकालिकांतूनच ‘अन्नव्यवस्था’ हा शब्द वारंवार भेटू लागला आहे. बियाणे, माती, पाणी, खत, सरकारी खरेदी, मंडी, गिरणी, बंदर, दुकान, स्वयंपाकघर, ताट आणि शेवटी ताटात उरलेले अन्न, अशी ही लांबलचक साखळी. आपण डॉक्टर मंडळी त्यातील शेवटच्या दोन-तीन कड्यांशी बोलतो. बहुतेक वेळा एकाच कडीशी बोलतो, ती म्हणजे मुलाची आई.

२०१९ च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ने ईट-लॅन्सेट आयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. वॉल्टर विलेट व योहान रॉकस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली १६ देशांतील ३७ शास्त्रज्ञांनी एकच प्रश्न हाती घेतला होता : २०५० च्या सुमारास जगाची लोकसंख्या एक हजार कोटींच्या घरात जाईल, तेव्हा या सर्वांना आरोग्यदायी अन्न देता येईल काय, आणि तेही पृथ्वीची माती, पाणी व हवामान न बिघडविता? उत्तर होकारार्थी होते, पण अटी कडक होत्या. फळे, भाज्या, कडधान्ये व कवचफळे यांचे सेवन जगभरात दुपटीहून अधिक वाढावे. लाल मांस व साखर निम्म्याहून अधिक घटावी. माणशी दिवसाला २५०० उष्मांकांचा एक आदर्श आहारही त्यांनी आखून दिला. त्यात ५० ग्रॅम कडधान्ये व २५ ग्रॅम सोयाबीनचे पदार्थ आहेत. हा २५ ग्रॅमांचा आकडा वाचला आणि मी थांबलो. इंदूरच्या डॉक्टराने तेथे थांबायलाच हवे.

आयोगाच्या अहवालावर टीकाही पुष्कळ झाली. २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील एका अभ्यासाने दाखविले की हा आहार जगातील किमान १५८ कोटी लोकांच्या ऐपतीबाहेरचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाचा दुसरा अहवाल आला, त्यात न्याय हा शब्द थेट शीर्षकात आला आहे. आपल्यापुरते सांगायचे तर लाल मांस कमी करा हा उपदेश मालव्यातल्या शेतकरी कुटुंबाला करणे हास्यास्पद आहे. आपला दोष वेगळा. २०२० मध्येच भारतीय आहाराची या आदर्श आहाराशी तुलना करण्यात आली. तीत आदर्श आहारात प्रथिनयुक्त पदार्थांपासून २९ टक्के उष्मांक मिळतात, तर भारतीयांच्या आहारात केवळ ६ ते ८ टक्के, असे आढळले. आपले ताट धान्याने भरलेले आहे. डाळ, फळ, अंडे व दूध यांच्या जागा रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या आहेत. देशात दरमाणशी डाळींची उपलब्धता १९५१ मध्ये दिवसाला सुमारे ६१ ग्रॅम होती. पाऊण शतकानंतर ती पन्नास ग्रॅमच्या वर जाताना दिसत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतील ताटात मात्र डाळी व तत्सम पदार्थांसाठी ८५ ग्रॅम राखून ठेवलेले आहेत.

मालव्यात सोयाबीन कसे आले

आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांचे बालपण देवास, धार, उज्जैनकडील खेड्यांत गेले, त्यांना विचारा. घरात ज्वारीची भाकरी असे, गहू सणासुदीला. काळी माती पावसाळ्यात इतकी चिकट होई की पुष्कळ शेते खरिपात पडीक ठेवून, मातीत मुरलेल्या ओलाव्यावर रब्बीचा काठा गहू वा हरभरा घेत. उरलेल्या शेतांत ज्वारी व तूर एकत्र, कोठे मूग, उडीद, तीळ, कपाशी.

जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठ यांच्या सहकार्यातून १९६० च्या दशकात पिवळे सोयाबीन या भागात आले. त्यापूर्वी काळ्या सालीचे सोयाबीन थोड्याफार प्रमाणात होते, पण ते कोणाच्या खिजगणतीत नव्हते. नवे पीक पडीक खरिपात अचूक बसले. नव्वद-शंभर दिवसांत निघते, शेंगवर्गीय असल्याने हवेतील नत्र मुळांत साठवते, पावसाच्या पाण्यावर येते, आणि मंडीत नेले की रोख पैसा मिळतो. १९७० च्या सुमारास देशात सोयाबीनखाली ३०-३२ हजार हेक्टर जमीन होती. आज सव्वा कोटी हेक्टरच्या आसपास आहे व तिचा चाळीस ते पन्नास टक्के भाग मध्य प्रदेशात. प्रथम पडीक जमीन भरली, मग ज्वारी हटली, तिच्यासोबतची तूर हटली. हातात पैसा आल्यावर कूपनलिका खोदल्या गेल्या आणि रब्बीत ओलिताचा गहू आला. सोयाबीन आणि गहू, पुन्हा सोयाबीन आणि गहू, असा फेरा सुरू झाला.

या पिकाला खलनायक ठरविण्याचा माझा हेतू नाही. मालव्यातील कित्येक पक्की घरे, ट्रॅक्टर आणि शहरात शिकणारी मुले सोयाबीनच्या पैशावर उभी आहेत. माझ्या दवाखान्यातही खेड्यावरून येणारे पालक ‘सोयाबीन निकल जाए, फिर जाँच करवा लेंगे’ असे सहज म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मंडी भरली की माझ्याकडे राहिलेल्या तपासण्या व पुढे ढकललेल्या लसी यांची गर्दी होते. एका पिकाच्या भावावर मुलाच्या रक्ततपासणीची तारीख ठरते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आणि तो भाव इंदूरच्या छावणी मंडीत ठरत नाही. जगातील सोयाबीनमध्ये भारताचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. ब्राझील व अमेरिका यांचे हेक्टरी उत्पादन तीन टनांच्या पुढे, आपले एक टनाच्या आसपास. शिकागोच्या बाजारात भाव उतरला की येथे उतरतो. त्यात अलीकडे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला, त्यामुळे सोयापेंडीची मागणी घटली. २०२४ मध्ये आधारभूत किंमत क्विंटलला ४८९२ रुपये असताना मंडीत चार ते साडेचार हजारांच्या घरात भाव मिळत होता. शेतकरी रस्त्यावर आले आणि शासनाला खरेदीस उतरावे लागले.

पिकते येथे, जाते कोठे?

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. सॉल्व्हंट प्लांटमध्ये शंभर किलो दाण्यांतून साधारण अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड उरते, जिला व्यापारात डी.ओ.सी. म्हणतात. प्रथिने जवळजवळ सर्वच्या सर्व या पेंडीत राहतात. ही पेंड अनेक वर्षे प्रामुख्याने परदेशी जात होती. आता तिचा मोठा भाग देशातल्या कुक्कुटपालनाला जातो. जगातही असेच आहे : सुमारे तीन चतुर्थांश सोयाबीन पशुखाद्यात जाते. ब्राझीलमध्ये त्यासाठी सेराडोची गवताळ राने व ॲमेझॉनच्या काठची अरण्ये तोडली गेली.

कोंबडीला दिलेल्या प्रथिनांपैकी ढोबळमानाने पाचवा ते चौथा भाग मांस किंवा अंडे होऊन आपल्याकडे परत येतो. हा तोटा आहे; तरी तो सरसकट वाया गेला असे बालरोगतज्ज्ञाने म्हणू नये. अंड्यातील प्रथिनांचा दर्जा, बी-१२ जीवनसत्त्व व कोलीन यांना दोन वर्षांच्या बालकाच्या आहारात मोल आहे. मला खुपते ते निराळेच. येथल्या शेतातील प्रथिने पेंड होऊन कोंबडीकडे गेली, कोंबडीचे अंडे शहरात गेले आणि ज्या गावात सोयाबीन पिकले तेथील अंगणवाडीतल्या मुलापर्यंत दाणाही पोचला नाही व अंडेही पोचले नाही. २०१५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव नाकारला. तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र व ओडिशा येथे मुलांना अंडी दिली जातात. कोणाच्या घरी काय शिजावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. ज्या आदिवासी व दलित घरांत अंडे चालते, त्या घरच्या मुलाला अंगणवाडीत ते का मिळू नये, याचे वैद्यकीय उत्तर मात्र माझ्याजवळ नाही.

आता त्या मुलाची अवस्था. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील ३५.७ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ७२.७ टक्के बालकांत रक्तक्षय आहे. सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी संपूर्ण देशात अवघी ११.३ टक्के. हे आकडे केवळ निर्धन कुटुंबांचे नाहीत. माझ्याकडे चारचाकीतून येणाऱ्या घरांतही दीड वर्षाचे मूल चहात बुडविलेल्या बिस्किटावर वाढत असते. चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते, आणि बिस्किट म्हणजे मैदा, साखर व पामतेल. हे तीन पदार्थ स्वस्त असतात, कारण त्यांच्या मागे गव्हाची सरकारी खरेदी, उसाचा निश्चित भाव आणि इंडोनेशिया-मलेशियातील अफाट लागवड उभी आहे. मुगाच्या, नाचणीच्या किंवा पेरूच्या मागे असे कोणी उभे नाही. आई बिस्किट देते याला तिचे अज्ञान हे एकच कारण नसते. आठवडाभर टिकणारे, मूल न कुरकुरता खाईल असे आणि पाच-दहा रुपयांत मिळणारे दुसरे काही तिच्या गल्लीतल्या दुकानात नसते.

तेलाची कथा तर आणखी विचित्र. सोयाबीन आपण तेलबी म्हणून वाढविले, तरी देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते : पाम इंडोनेशिया व मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफूल युक्रेन व रशियातून. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले, एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली, आणि इंदूरच्या गृहिणीला डब्यामागे किती रुपये जास्त पडले हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वेळी तेल महाग झाले म्हणून सर्वांनी हळहळ केली. आपण ते किती खातो हे कोणी मोजले नाही. पोषण संस्थेच्या ताटात रोज २७ ग्रॅम तेल-तूप बसते, म्हणजे वर्षाला दहा किलोच्या आत. प्रत्यक्षात दरमाणशी वापर १९ किलोच्या आसपास. मी आता पालकांना ‘तेलकट कमी खा’ असे सांगत नाही, कारण त्याने काहीच घडत नाही. महिन्याला किती तेल आणता व घरात माणसे किती, एवढेच विचारतो. चार माणसांना सव्वातीन किलो पुरायला हवे. उत्तर बहुधा पाच किंवा सहा येते, आणि हिशेब त्यांचा त्यांनाच कळतो. (छप्पन दुकान आणि सराफ्याचे तेल या हिशेबात धरलेलेच नसते, हे इंदूरकरांना सांगणे नलगे.)

ज्वारीकडे परतावे काय?

२०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. भाषणे झाली, मेजवान्या झाल्या, ज्वारी-बाजरीची महागडी बिस्किटे दुकानांत आली. ज्वारीला ओलिताच्या गव्हाच्या मानाने पाणी फारच कमी लागते, तिचा कडबा जनावरांना होतो, आणि तापत्या हवामानात तग धरण्याची शक्ती तिच्यात आहे. तरीही केवळ गुणगानाने ज्वारी परत येणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील सुमारे ८१ कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून विनामूल्य मिळते, आणि ते मुख्यतः गहू व तांदूळच असते. फुकट मिळणाऱ्या गव्हापुढे विकतची ज्वारी कोण घेईल? ओडिशाने २०१७ पासून येथे वेगळी वाट धरली. त्या राज्याने आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने विकत घेतली, रेशनवर दिली आणि केओंझर जिल्ह्यातील अंगणवाड्यांत लहान मुलांना नाचणीचे लाडू दिले. तेथे शासन स्वतः ग्राहक झाले, म्हणून शेतकरी नाचणी पेरू लागला.

वैद्य म्हणून एक सावधगिरी सांगतो. भरडधान्यांत लोह आहे खरे, पण फायटेटमुळे ते पूर्ण अंगी लागत नाही. रक्तक्षय झालेल्या मुलाला भाकरी देऊन लोहाचे औषध थांबविणे धोक्याचे आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी, म्हणून तिला डाळीची जोड हवीच. जुन्या शेतातली ज्वारी-तूर ही जोडी ताटातही जोडीच होती. आणि वर्षाच्या बाळाच्या इवल्या जठरात भाकरीचा जाडाभरडा चोथा मावत नाही. त्याला धान्य मोड आणून, वाळवून, दळून केलेले सत्त्व द्यावे. मोड आल्याने पेज पातळ राहते व तेवढ्याच वाटीत अधिक उष्मांक बसतात. आपल्या आज्या नाचणीचे सत्त्व करीत, ते शास्त्रशुद्धच होते.

मातीविषयी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते, कारण ती आपल्या शहराची आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये शेतातला काडीकचरा, शेण व माती यांपासून खत करण्याची रीत बसविली. जगभरातील सेंद्रिय शेतीच्या ग्रंथांत ती आजही ‘इंदूर पद्धती’ या नावाने ओळखली जाते. त्याच शहरात २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून वायू तयार करण्याचा प्रकल्प आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्या ओल्या कचऱ्यात लग्नसमारंभांतून टाकलेले शिजलेले अन्नही असते. गॅस झाला तरी ते खाण्यासाठीच पिकविलेले होते.

आता पुन्हा सोयाबीनकडे. किलोभर तूरडाळीत सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात आणि किरकोळ बाजारात अलीकडे ती शंभर रुपयांच्या खाली क्वचितच मिळाली आहे. किलोभर सोयाबीनमध्ये सुमारे ४०० ग्रॅम प्रथिने; मंडीतला भाव पन्नासच्या आसपास. मग आपल्या घरांत ते का शिजत नाही? चव व उग्र वास हे एक कारण, आणि ते रास्त आहे. दुसरे कारण वैद्यकीय आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन-रोधक द्रव्य असते, ते प्रथिनांचे पचन अडविते. म्हणून सोयाबीन कच्चे दळून कणकेत कदापि मिसळू नये. दाणे उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटे उकळावेत, कडक वाळवावेत आणि मग नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात चक्कीवर द्यावेत. कणकेतील प्रथिने अकरा टक्क्यांच्या आसपास असतात, ती चौदाच्या आसपास जातात. गव्हात उणे असलेले लायसिन सोयाबीन पुरविते आणि सोयाबीनमध्ये उणे असलेले मेथिओनिन गहू पुरवितो. पोळी थोडी पिवळसर होते, मुलांच्या लक्षात येत नाही. बाजारातील सोया वड्या भिजवून, पिळून उसळीत घातल्या तरी चालते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईचे दूधच. त्याला अशा कोणत्याही पिठाची गरज नाही.

खंडवा रोडवरील सोयाबीन संशोधन केंद्र १९८७ पासून आपल्या शहरात आहे. आपल्यापैकी किती डॉक्टर तेथे गेले असतील, कोण जाणे. तेथील शास्त्रज्ञांनी एन.आर.सी. १२७ हे कुनिट्झ ट्रिप्सिन-रोधक नसलेले वाण काढले, आणि पुढे एन.आर.सी. १४२ मध्ये उग्र वासाला कारणीभूत असलेले लायपॉक्सिजिनेज-२ हे विकरही काढून टाकले. म्हणजे स्वयंपाकघराची तक्रार संशोधकांनी ऐकलेली आहे. अडले आहे ते मंडीत. तेथे सारे सोयाबीन एकाच ढिगात तेलाच्या हिशेबाने विकले जाते. खाण्याचे वाण वेगळे पेरणाऱ्या, वेगळे काढून वेगळ्या पोत्यांत ठेवणाऱ्या शेतकऱ्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. नाचणीला जसा ओडिशा शासनाच्या रूपाने ग्राहक मिळाला, तसा या वाणाला मिळायला हवा.

तो ग्राहक फार मोठा असावा लागत नाही. शाळेतील पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या मुलामागे रोज वीस ग्रॅम डाळ व एकूण बारा ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. ही डाळ मुळीच न घटविता दहा ग्रॅम प्रक्रिया केलेले सोयाबीन त्यात घातले, तर चार ग्रॅम प्रथिने वाढतात, म्हणजे तिसरा हिस्सा. दाण्याचा खर्च मुलामागे रोज पन्नास पैसे. शाळेचे दिवस दोनशे धरले तर वर्षाला मुलामागे दोन किलो आणि एक लाख मुलांना दोनशे टन. हेक्टरी एक टन या आपल्या बेताच्या उत्पादनानेही त्याला दोनशे हेक्टर जमीन पुरते. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचे क्षेत्र किती आहे हे पाहता ती कोपऱ्यातली एक पट्टी. याशिवाय दाणे उकळण्या-वाळविण्याची सोय बचत गटाजवळ हवी, वेगळ्या वाणाची पोती ठेवायला कोठार हवे आणि क्विंटलमागे ठरलेला वाढीव भाव पेरणीपूर्वी, म्हणजे जूनच्या आत, जाहीर व्हायला हवा.